खेळाडूचें हृदय

आमच्या शाळेंत मैदानास वर्गाइतकाच मान आहे. सकाळच्या प्रार्थनेची घंटा होण्यापूर्वींच कित्येक मुलें धांवपट्टीवर हजर असतात, आणि वार्षिक क्रीडासमारंभ जवळ आला म्हणजे तर संध्याकाळीं मुलांस मैदानावरून घरीं पिटाळावें लागतें. हें पाहून आम्हांस नेहमींच संतोष होतो. तेव्हां पुढें जें सांगावयाचें आहे तें कोणास मैदानापासून दूर करण्यासाठीं नव्हे, हें आरंभींच सांगून ठेवतों. परंतु ज्या इंद्रियाच्या बळावर हा सर्व खेळ चालतो, त्या हृदयाविषयीं खेळणाऱ्या मुलांस व त्यांच्या आईवडिलांस चार गोष्टी माहीत असणें अवश्य आहे, असें आम्हांस एका प्रसंगानें शिकविलें. तो प्रसंग आधीं सांगतों.

गोष्ट कांहीं वर्षांपूर्वींची आहे. नववींतील एक मुलगा ८०० मीटरच्या शर्यतीची तयारी करीत होता. एके दिवशीं दुसऱ्या फेरीच्या वळणावर तो धांवतां धांवतां एकाएकीं तोंडघशीं पडला. अर्ध्या मिनिटांत त्यानें डोळे उघडले, उठून बसला व ओशाळून हंसूं लागला. आम्ही जवळच होतों. सकाळीं कांहीं खाल्लें नसेल, ऊन लागलें असेल, असा तर्क करून आम्हीं त्यास ग्लुकोजचें पाणी पाजलें. आणि सांगावयास लाज वाटते, पण पाठीवर थाप मारून, "उद्यां फेरी पुरी कर," असें म्हटलें. दुसरे दिवशीं तो पुन्हां धांवला, आणि आम्हीं त्यास धांवूं दिलें. तिसरे दिवशीं त्याची सातवींतील बहीण आमच्यापाशीं येऊन रडूं लागली. "सर, दादा दिवाळींतही असाच पडला होता. संघांतून नांव जाईल म्हणून त्यानें मला शपथ घातली आहे," असें तिनें सांगितलें. वडिलांस बोलावून विचारपूस केली तेव्हां कळलें कीं, मुलाचे एक काका ऐन पंचविशींत, कांहीं दुखणें नसतां, शेतांतून घरीं येतां येतां मरून पडले होते.

मुलास दवाखान्यांत नेलें. तेथें हृदयाच्या विद्युत्प्रवाहाचा आलेख, ज्यास सर्व लोक ईसीजी म्हणतात, तो काढला. त्यांत दोष दिसला. मग ध्वनिलहरींच्या साह्यानें हृदयाचें चित्र दाखविणारी इको नांवाची तपासणी केली. तींत हृदयाचा स्नायु फाजील जाड झाला असल्याचें निघालें. देवाच्या कृपेनें तो मुलगा सुखरूप आहे. परंतु मधल्या त्या एका दिवसाची आठवण झाली म्हणजे अजूनही आमच्या अंगावर कांटा उभा राहतो. त्याचा जीव वांचला तो आमच्या अनुभवामुळें नव्हे. एका लहान मुलीनें शपथ मोडली म्हणून वांचला.

आतां हृदयाचें काम कसें चालतें तें पाहूं. हृदय म्हणजे मुठीएवढा, स्नायूंचा बनलेला एक पंप होय. मोठ्या माणसाचें हृदय स्वस्थ बसलें असतां मिनिटास सुमारें ७० वेळां, म्हणजे दिवसाकाठीं एक लाख वेळां, आकुंचन पावतें व दर मिनिटास सुमारें ५ लिटर रक्त पुढें ढकलतें. जोराच्या व्यायामांत हेंच काम चौपट पांचपट होतें, आणि कसलेल्या खेळाडूंत त्याहूनही अधिक. हृदयाचा प्रत्येक ठोका हृदयांतच उत्पन्न होणाऱ्या सूक्ष्म विद्युत्प्रवाहाच्या इशाऱ्यानें पडतो. हा प्रवाह ठराविक वाटेनें व ठराविक वेळीं गेला पाहिजे. तो भरकटला, तर हृदय आकुंचन पावण्याऐवजीं नुसतें थरथरतें, रक्त पुढें जात नाहीं, आणि कांहीं सेकंदांतच माणूस बेशुद्ध होऊन कोसळतो. यास हृदयक्रिया बंद पडणें म्हणतात. उतारवयांत बहुधा ज्यास आपण हृदयविकाराचा झटका म्हणतों, त्यांत हृदयाच्या स्नायूस रक्त पुरविणारी वाट बुजलेली असते. तरुण खेळाडूंत बहुतेक वेळां प्रकार निराळा असतो. त्यांच्या हृदयाच्या घडणींत किंवा विद्युत्प्रवाहांत जन्मतःच कांहीं वैगुण्य असतें. एरवीं तें निमूट राहतें, आणि श्रम पराकोटीस गेले म्हणजे डोकें वर काढतें.

येथें एक शंका कोणीही घेईल. व्यायामानें दंडाचे स्नायु वाढतात, मग हृदयाचा स्नायु वाढला तर त्यांत वाईट काय? शंका योग्य आहे. १८९९ मध्यें स्वीडनमधील हेनशेन या वैद्यानें लांब पल्ल्याच्या बर्फावरील शर्यती धांवणाऱ्या खेळाडूंच्या छातीवर बोटांनीं ठोकून पाहून, त्यांचें हृदय इतरांहून मोठें असतें, असें दाखवून दिलें. असें हृदय सशक्त असतें. एका ठोक्यांत तें पुष्कळ रक्त ढकलतें, म्हणून कसलेल्या खेळाडूची नाडी विश्रांतींत मिनिटास ४० ते ५० इतकी संथ असूं शकते. हा रोग नव्हे, व्यायामाचें फळ होय. परंतु हृदयाच्या भिंती जाड करणारा एक आनुवंशिक विकारही आहे, आणि तो सुमारें ५०० माणसांत एकास असतो. व्यायामानें वाढलेलें हृदय व विकारानें वाढलेलें हृदय हीं कित्येकदां इतकीं सारखीं दिसतात कीं, निष्णात डॉक्टरांसही निवाडा करण्यास अनेक तपासण्या कराव्या लागतात. मग बाहेरून पाहणाऱ्या शिक्षकास वा आईबापांस तो कसा व्हावा? अंगापिंडानें धट्टाकट्टा आहे, पहिला नंबर मिळवितो, तेव्हां त्याचें हृदय निर्दोषच असणार, हा समज सर्वस्वी चुकीचा आहे.

याचें एक दुःखद उदाहरण साऱ्या जगानें पाहिलें. २६ जून २००३ रोजीं फ्रान्समधील ल्यों शहरीं कॅमेरून व कोलंबिया या देशांत फुटबॉलचा सामना चालला होता. कॅमेरूनचा मार्क-व्हिव्हिएन फोए हा २८ वर्षांचा बलदंड खेळाडू ७२ व्या मिनिटास मैदानाच्या मध्यावर कोसळला. जवळ कोणी नव्हतें, कोणाचा धक्का लागला नव्हता. त्याचे प्राण वांचले नाहींत, व मागाहून झालेल्या तपासणींत हाच जाड स्नायूचा विकार आढळला.

या विकाराखेरीज आणखीही कारणें आहेत. कोणाच्या हृदयास रक्त पुरविणारी धमनी जन्मतःच भलत्या जागेवरून निघालेली असते. कोणाचें हृदय दिसण्यांत अगदीं निर्दोष, पण त्याच्या विद्युत्प्रवाहाची घडी बिघडलेली असते. कधीं कधीं चेंडूचा मार ऐन हृदयावर, ठोक्याच्या एका नाजूक क्षणीं बसला, तर निरोगी मुलाचेंही हृदय थरथरूं लागतें. याशिवाय दोन कारणें अशीं आहेत कीं, तीं आपल्या घरांतील नेहमींच्या दुखण्यांतून उद्भवतात. म्हणून त्यांविषयीं थोडें अधिक सांगितलें पाहिजे.

पहिलें कारण ताप. कांहीं विषाणूंच्या तापांत हृदयाच्या स्नायूसही सूज येते. अशा वेळीं धांवाधांव केली, तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका असतो. अंगांत ताप असतां केवळ सामना आहे म्हणून औषधाची गोळी घेऊन मैदानावर उतरणें हें शौर्य नव्हे, अविचार होय. हृदयास सूज आल्याचें ठरलें, तर डॉक्टर कित्येक महिने स्पर्धेचा खेळ बंद ठेवावयास सांगतात. तें ऐकलेंच पाहिजे.

दुसरें कारण घसादुखी. आपल्या देशांत या कारणास विशेष महत्त्व आहे. एका जातीच्या जंतूंमुळें मुलाचा घसा सुजतो. त्यावर नीट उपचार झाला नाहीं, तर दोनतीन आठवड्यांनीं कांहीं मुलांस ताप येतो, गुडघे, घोटे, कोंपरे असे सांधे एकामागून एक सुजतात, आणि हृदयाच्या झडपांसही इजा होते. सांधे बरे होतात, पण झडपा कायमच्या अधू होऊं शकतात. हा संधिवाताचा ताप मुख्यत्वें ५ ते १५ या वयांत येतो, म्हणजे नेमका शाळेच्या वयांत. तो पुन्हां येऊं नये म्हणून तीन ते चार आठवड्यांनीं पेनिसिलिनचें इंजेक्शन वर्षानुवर्षें घ्यावें लागतें. मुलगा बरा दिसतो म्हणून तें मध्येंच सोडणारीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत. आईबापांस आमची हात जोडून विनंति आहे कीं, तसें करूं नका.

इतकें वाचून कोणी घाबरून जाऊं नये. असे मृत्यु फार विरळा होतात. अमेरिकेंतील कॉलेजांच्या खेळाडूंत वर्षाकाठीं सुमारें ४० ते ६५ हजारांत एक, असें तेथील निरनिराळ्या वर्षांच्या पाहण्यांतून दिसून आलें आहे. उलट, न खेळल्यानें होणारें नुकसान किती तरी अधिक लोकांस भोगावें लागतें. तथापि ज्या घरचा तो एक, त्या घरास हजारांचा हिशेब काय समाधान देणार?

मग सर्व खेळाडूंची आधींच तपासणी कां करूं नये? इटली देशानें तेंच केलें. १९८२ पासून तेथें स्पर्धेंत उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूस ईसीजीसह वैद्यकीय तपासणी सक्तीची झाली. व्हेनेतो प्रांतांत १२ ते ३५ वर्षांच्या खेळाडूंतील अशा आकस्मिक मृत्यूंचें प्रमाण १९७९-८० मध्यें दरसाल लाखांत ३.६ होतें, तें २००३-०४ पर्यंत ०.४ वर आलें, असें २००६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसून आलें. अमेरिकेंत मात्र सर्वांस ईसीजीची सक्ति नाहीं. अमेरिकन हार्ट असोसिएशन या संस्थेनें १४ मुद्द्यांची विचारपूस व अंगतपासणी यांवर भर दिला आहे. ईसीजींत निरोगी मुलावरही संशय येऊं शकतो, त्यास उगाच खेळाबाहेर बसावें लागतें, आणि खरा विकार कधीं कधीं निसटतोही, असें त्या बाजूचे लोक म्हणतात. हा वाद तज्ज्ञांचा आहे. त्यांत आम्ही पडत नाहीं. परंतु एक गोष्ट दोन्ही पक्षांस मान्य आहे. ती ही कीं, प्रथम विचारपूस करावी. तिला यंत्र लागत नाहीं, पैसा लागत नाहीं. लागतें तें फक्त खरें उत्तर.

म्हणून संघांत मुलाचें नांव घालण्यापूर्वीं प्रत्येक घरीं पुढील प्रश्न विचारावे:

१. धांवतांना किंवा खेळतांना मुलास कधीं भोवळ आली काय, अथवा तो बेशुद्ध पडला काय?

२. श्रम करतांना छातींत दुखतें किंवा दाटतें काय?

३. बरोबरीच्या मुलांपेक्षां त्यास फार लवकर दम लागतो काय?

४. छातींत एकाएकीं धडधड होऊन ठोके चुकल्यासारखे वाटतात काय?

५. जवळच्या नात्यांत कोणी पन्नाशीच्या आंत, कारण न कळतां, एकाएकीं मरण पावलें काय? पोहतां येणारें कोणी अचानक बुडालें काय?

६. घराण्यांत कोणास हृदयाचा आनुवंशिक विकार आहे काय? मुलाच्या हृदयांत निराळा आवाज आहे, किंवा रक्तदाब अधिक आहे, असें डॉक्टरांनीं कधीं सांगितलें काय?

यांपैकीं एकाचेंही उत्तर होकारार्थी आलें, तर मुलास डॉक्टरांकडे न्यावें, आणि त्यांचा निर्णय कळेपर्यंत धांवणें थांबवावें. उन्हांत प्रार्थनेस उभें राहून येणारी भोवळ बहुधा साधी असते. पण ऐन धांवतांना माणूस कोसळला, तर ती साधी भोवळ आहे असें डॉक्टरांनीं ठरविल्यावांचून आपण ठरवूं नये. मुलींच्या बाबतींत तर ही चूक फार होते. मुलगी पडली कीं अशक्तपणा आहे, उपास केला असेल, असें म्हणून प्रकरण मिटवितात. हृदय मुलगा आणि मुलगी असा भेद जाणत नाहीं.

येवढी काळजी घेऊनही कधीं कधीं प्रसंग येतोच. १२ जून २०२१ रोजीं कोपनहेगन येथें डेन्मार्क व फिनलंड यांच्या सामन्यांत डेन्मार्कचा २९ वर्षांचा क्रिश्चन एरिक्सन मध्यंतराच्या थोडें आधीं एकाएकीं कोसळला. त्या वेळीं तो इटलींतीलच एका क्लबाचा खेळाडू होता, म्हणजे जेथें तपासणी सक्तीची, तेथलाच. परंतु त्याचा कर्णधार सिमोन केअर तत्काळ धांवून आला, डॉक्टर आले, छाती दाबणें सुरू झालें, आणि डिफिब्रिलेटर या यंत्रानें विजेचा झटका देतांच हृदय पुन्हां चालूं लागलें. सोबत्यांनीं भोंवतीं पाठमोरें कडें करून त्यास लोकांच्या नजरेपासून झांकलें. तपासणी कितीही चांगली असली, तरी मैदानावरील मदत तयार असलीच पाहिजे, हा या घटनेचा धडा आहे.

आपल्याकडे असें कोणी पडलें म्हणजे काय होतें? लोक गर्दी करतात, तोंडावर पाणी मारतात, फेफरें आलें असें समजून कांदा हुंगवितात, कोणी हातांत किल्ली देतो. हृदयक्रिया बंद पडलेल्या माणसाचे हातपाय कांहीं क्षण झटके देतात, व तो मासळीसारखा आचके देतो. म्हणून श्वास चालू आहे असा भास होतो. मोलाचा वेळ यांत जातो. विजेचा झटका मिळण्यास होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिरानें वांचण्याची आशा शेंकडा ७ ते १० नीं कमी होते. छाती दाबीत राहिल्यास ही घट मंदावते.

तेव्हां मोठ्या मुलांनीं हें पाठ करावें. पडलेला माणूस हांकेस ओ देत नसेल व नीट श्वास घेत नसेल, तर एकानें १०८ क्रमांकास फोन करावा. दुसऱ्यानें त्यास कठीण जमिनीवर उताणें निजवून, छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका हाताचा तळवा व त्यावर दुसरा हात ठेवून, कोंपरे ताठ ठेवून दाबण्यास लागावें. मिनिटास १०० ते १२० वेळां, आणि मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खालीं जाईल इतक्या जोरानें दाबावें. दर वेळीं ती पुरती वर येऊं द्यावी. दाबणारा थकला, तर दुसऱ्यानें त्याची जागा घ्यावी, पण खंड पडूं देऊं नये. डिफिब्रिलेटर जवळपास असेल, तर एकानें तो आणावयास धांवावें. तें यंत्र काय करावयाचें तें स्वतःच बोलून सांगतें. मदत येईपर्यंत थांबूं नये. १७ मार्च २०१२ रोजीं लंडन येथें फॅब्रिस मुआंबा या २३ वर्षांच्या खेळाडूचें हृदय ७८ मिनिटें आपलें आपण चाललें नाहीं. प्रेक्षकांतील एक हृदयरोगतज्ज्ञही मदतीस उतरला, कोणीं हात आंखडला नाहीं, आणि तो तरुण वांचला.

विकार निघाला म्हणजे मुलाचें आयुष्य संपलें, असेंही कोणी मानूं नये. एरिक्सनच्या छातींत लय बिघडतांच आपोआप झटका देणारें एक लहान यंत्र बसविण्यांत आलें. इटलीच्या नियमांमुळें त्यास तेथें खेळतां येईना. तेव्हां तो २०२२ मध्यें इंग्लंडांत खेळूं लागला, आणि जून २०२४ मध्यें युरोपच्या चषकस्पर्धेंत त्यानें आपल्या देशासाठीं गोलही केला. पूर्वीं अशा रोग्यांस सरसकट बसवून ठेवीत. आतां प्रत्येकाचा विकार, त्याचा धोका व त्याची इच्छा पाहून डॉक्टर, खेळाडू व घरचीं माणसें मिळून निर्णय घेतात. २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत जाड स्नायूचा विकार असलेल्या किंवा तो घराण्यांतून आलेल्या १,६६० जणांची पाहणी झाली. तींत जोराचा व्यायाम करणारांस मध्यम व्यायाम करणारांहून अधिक अपाय झाल्याचें दिसलें नाहीं. मात्र हे लोक तज्ज्ञांच्या देखरेखीखालीं होते. म्हणून कोणीं किती खेळावें हें डॉक्टरांनीं सांगावें. मुलानें लपवून किंवा शिक्षकानें अंदाजानें ठरवूं नये.

विद्यार्थिमित्रहो, संघांतून नांव जाईल या भीतीनें दुखणें लपवावेंसें वाटतें, हें आम्ही समजूं शकतों. पण संघास तुमची गरज एका सामन्यापुरती आहे; घरास तुमची गरज जन्मभर आहे. सोबत्यानें शपथ घातली असली, तरी जीवावरची गोष्ट वडील माणसांस सांगणें ही चहाडी नव्हे, खरी मैत्री होय. आणि आम्हां शिक्षकांनींही हें ध्यानीं धरावें कीं, खरें बोलणाऱ्या मुलास "भित्रा" म्हणून हिणविलें, तर पुढच्या वेळीं तो बोलणार नाहीं. संत पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत शरीरास मंदिराची उपमा दिली आहे, आणि त्याच पत्रांत शर्यतींत धांवणारांचाही दाखला घेतला आहे. धांवावें मनापासून, पण मंदिराची काळजी घेऊन.

त्या मुलाचें सांगावयाचें राहिलें. विकार आनुवंशिक असल्यानें डॉक्टरांनीं घरच्या सर्वांस तपासलें. वडिलांत तोच विकार सौम्य रूपांत निघाला, व त्यांवरही उपचार सुरू झाले. बहिणीचें हृदय निर्दोष ठरलें. मात्र वय वाढतांना तिची तपासणी ठराविक काळानें पुन्हां करावयाची आहे. पुढील वर्षाच्या क्रीडासमारंभांत तो मुलगा घड्याळ हातीं घेऊन शेवटच्या रेषेवर उभा होता. मुलींच्या २०० मीटर शर्यतींत त्याची बहीण दुसरी आली, आणि तिची वेळ त्यानेंच वहींत टिपून घेतली.